शेवटचा हात कुणाचा?

किल्ली फिरवली आणि इंजिन ‘ठक’ म्हणालं. एकदाच. स्टार्टर गरगरला नाही, घरघरला नाही. पॅनेलवरचा दिवा क्षणभर मंदावला आणि पुन्हा लख्ख झाला. बॅटरी उतरली की स्टार्टर कसा रडतो ते मला पाठ आहे, हा आवाज तो नव्हता. लोखंडाच्या वाटेत काहीतरी आडवं आलं होतं. माझा हात किल्लीवरच होता आणि सवयीने ती पुन्हा फिरवणारही होता. का थांबलो ते आजही नीट सांगता येत नाही. पण थांबलो, आणि त्या तीन आठवड्यांत मी केलेली ती एकमेव शहाणपणाची गोष्ट.

इंजिन तीन सिलिंडरचं आहे, चाळीस वर्षांहून जुनं. बोटीच्या पोटात एका लाकडी पेटाऱ्याखाली बसलेलं असतं. पेटारा उचलला की डिझेल, जुनं ग्रीस आणि ओल यांचा मिळून एक वास येतो. माझ्या सगळ्या जुन्या शर्टांना तो लागलेला आहे. मी त्याचा चौथा किंवा पाचवा मालक असेन. आधीच्यांना कधी भेटलो नाही, तरी त्यांना चांगला ओळखतो. एकाला योग्य मापाचा पाना शोधायचा कंटाळा होता. वॉटर पंपाच्या नटावर त्याने छिन्नी ठोकून तो फिरवलाय, कोपऱ्यांवर अजून खाचा आहेत. दुसरा भला माणूस. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला त्याने व्हॉल्व्हच्या फटीचं माप सुईने कोरून ठेवलंय : दोन्ही ०.३०, इंजिन गार असताना. तिसरा सिलिकॉनवाला. गॅस्केट कापत बसण्यापेक्षा ट्यूब पिळलेली बरी, असं मानणारा. सांध्याच्या बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आतही गेलेलं असतं, हे त्याच्या गावी नसावं. त्याचे निळे तुकडे मला ऑइलच्या जाळीत सापडले. अशा माणसांच्या हाती ट्यूब लागू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर मूळ दुखणं तीन आठवडे आधीचं. इंजिन एका हाकेला सुरू व्हायचं, दोन-तीन मिनिटं छान चालायचं, मग त्याला दम लागायचा. आवाज खाली जायचा, सावरायचा, पुन्हा खाली जायचा आणि गप्प.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा आत घ्यायची, तिला विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबायची. दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तेवढ्यात इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा सोडतो. पेटणारच, पर्याय नसतो. हवा, इंधन आणि दाब, एवढाच कारभार असल्यामुळे बंद पडण्याची कारणंही मोजकी. दाब चांगला होता, नाहीतर इंजिन एका हाकेला उठलं नसतं. हवा जात होती. राहिलं इंधन. आणि सुरू होऊन मग गुदमरणं ही तर पुस्तकात दाखवावी तशी खूण : डिझेलच्या लाईनने एअर धरलीय.

एक बुडबुडा एवढ्या जड यंत्राला कसा झोपवतो, याचं मला पहिल्या वर्षी फार नवल वाटायचं. जुन्या इंजिनातला इंजेक्टर १५०-२०० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट, दाब आल्याशिवाय तोंड उघडत नाही. डिझेल जवळजवळ दबतच नाही, म्हणून पंपाने केसभर रेटलं की तो रेटा सरळ इंजेक्टरपर्यंत पोचतो. बुडबुडा मात्र रेट्याला लगेच शरण जातो. दबतो, पुन्हा फुगतो, आणि पंपाची सगळी मेहनत त्याच्या आकुंचन-प्रसरणात खर्च होते. इंजेक्टर ढिम्म.

मग एअर काढायची. फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करायचा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाची चपटी दांडी अंगठ्याने दाबत राहायची. आधी फेस येतो, मग फेसातून अधूनमधून धार, मग नुसती स्वच्छ धार. स्क्रू बंद. पुढे मुख्य पंपावरचा स्क्रू, पुन्हा तेच. शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. इथे बोट मध्ये घालायचं नाही. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो. वर टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. मग गाठायचं ते थेट ऑपरेशन थिएटर.

त्या तीन आठवड्यांत माझ्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला. एअर काढली की इंजिन चालायचं, आणि पुन्हा मरायचं. हवा शिरत कुठून होती? टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर आहे, म्हणजे लिफ्ट पंप डिझेल वर ओढून घेतो. या ओढीच्या बाजूचा सांधा सैल असला तर तिथून डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. हात फिरवला तरी बोटं कोरडी. मी लिफ्ट पंपाचा डायफ्रॅम बदलला. टाकीपासूनचा सगळा होस बदलला, क्लिपा बदलल्या, टाकीचा कॉक उघडून साफ केला. प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचो, एवढं जुनं इंजिन, जीर्ण झालं बिचारं, आता एकेक करून सगळंच जाणार. जुन्या यंत्राच्या मालकाला हे कारण कायम हाताशी असतं. त्यात दुःख असतं आणि थोडा मोठेपणाही. दोष काळाचा, आपण सेवेकरी.

आणि प्रत्येक वेळी स्टार्टर मारायचो.

आता इंजिन गार कसं राहतं ते सांगायला हवं. आतून फिरतं ते गोडं पाणी. त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमध्ये खाऱ्या पाण्याला दिली जाते. ते खारं पाणी वापरून झालं की एक्झॉस्टच्या नळीत सोडतात आणि धुराच्या रेट्याबरोबर ते बोटीबाहेर फेकलं जातं. मागच्या बाजूने धुरासोबत पाणी थुंकणारी बोट तुम्ही पाहिली असेल, ते हेच. पण खाऱ्या पाण्याचा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन स्वतः फिरतंय की स्टार्टरने फिरवतोय, हे त्याला कळत नाही. स्टार्टर दहा वेळा मारला आणि इंजिन पेटलंच नाही, तर दहा वेळा पाणी आत आलं आणि बाहेर ढकलणारा धूर मात्र एकदाही आला नाही. पाणी सायलेन्सरमध्ये साचतं. मग नळीत चढतं. मग वरच्या वाकणावरून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असेल त्यात जाऊन बसतं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला भिडतो आणि थांबतो.

ठक.

वारंवार स्टार्टर मारायचा असेल तर आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा. हे मला माहीत होतं का? वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं आहे. अक्षर माझंच. खाली दोन रेघाही मारल्यात.

सिलिंडरमध्ये खारं पाणी आणि पोलाद एकत्र असले की घड्याळ सुरू होतं. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या, आरशासारख्या भिंतीवर गंज चढायला आठवडा लागत नाही, एक रात्र पुरते. त्यामुळे हळहळत बसायला वेळ नव्हता. मी मुलीला हाक मारली, कारण टॉर्च धरायचं काम तिच्याइतकं नीट कुणी करत नाही. बहुतेक माणसं स्वतःला जे बघायचंय त्यावर उजेड पाडतात. ती पान्याच्या टोकावर पाडते.

पाणी बाहेर काढायचा सरळ मार्ग म्हणजे तिन्ही इंजेक्टर काढणं. पहिले दोन अर्ध्या तासात निघाले. तिसरा हलेना. अर्थातच, पाणी होतं तो तिसराच. अशा वेळी पहार घालून उचकटायचा मोह होतो. त्याने नोझलचं टोक मोडतं, किंवा हेडची कड फुटते, आणि अर्ध्या दिवसाचं काम दोन महिन्यांचं होतं. गंज सोडवणारं तेल चहूबाजूंनी सोडलं, लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, आणि तासभर थांबलो.

त्या तासात मला रुडॉल्फ डिझेलची आठवण झाली. जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३ साली त्याने पहिलं यंत्र उभं केलं, ते स्वतःच्या बळावर चालेचना. पुढे चार वर्षं तो आणि कारखान्यातले लोक उघडत होते, बदलत होते, पुन्हा जोडत होते. १८९७ मध्ये चाचणी झाली तेव्हा यंत्राने इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामाला लावली. वाफेची इंजिनं तेव्हा याच्या जवळपासही नव्हती. पण त्याच्या यंत्रात इंधन नुसत्या पंपाने फवारलं जात नव्हतं. दाबलेल्या हवेच्या झोताने ते आत उडवावं लागे, आणि त्यासाठी इंजिनाला एक वेगळा कॉम्प्रेसर बांधलेला असे, तो सांभाळणं हेच एक मोठं काम. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघालं, तेव्हाही हेच तंत्र होतं. बॉश या जर्मन कंपनीने १९२७ पासून इंजेक्शन पंप घाऊक प्रमाणावर बनवायला घेतले, त्यानंतर छोट्या इंजिनांचे दिवस आले. माझ्या इंजिनाच्या कुशीला चिकटलेला पंप त्याच वंशातला. त्याच्या आतला दट्ट्या आणि नळकांडं यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते, केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. म्हणून त्यावर शिशाचं सील आहे. मी सगळं उघडून पाहिलंय, ते सील तोडलेलं नाही. सिलिकॉनवाल्यानेही तोडलेलं नाही, हे त्याच्या खात्यावर जमा.

डिझेल स्वतः २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीवरून समुद्रात नाहीसा झाला. बोट वाफेवरची होती.

तासाभराने इंजेक्टरच्या अंगावर पाना लावून तो किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे असा फिरवत गेलो. आधी सुईच्या टोकाएवढा, मग गव्हाच्या दाण्याएवढा. मग एकदम सैल पडला. भोकावर चिंधी धर, असं मुलीला सांगितलं आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने फिरवू लागलो. आधी काहीच नाही. मग चिंधीसकट एक काळपट कारंजं उडालं ते थेट छताला जाऊन भिडलं, आणि तिथून आमच्या दोघांच्या डोक्यावर. टॉर्च विझला. अंधारात ती इतकी हसत होती की मलाही हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

नंतरचं काम शांतपणे झालं. तिन्ही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल ओतून इंजिन हाताने फिरवलं, म्हणजे भिंतींवर थर बसावा. डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने इंजिन ऑइल उपसलं. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाशी असतं, म्हणून आधी पाणीच आलं. मग दुधाळ तेल, मग नेहमीचं काळं.

इंजेक्टर परत बसवण्याआधी त्यांच्याखालचे तांब्याचे वॉशर काढावे लागतात. इंजेक्टर वर येतो, पण वॉशर बहुतेक वेळा खोल भोकाच्या तळाशी चिकटून राहतो. तो तसाच ठेवून वर नवा टाकला तर नोझल तेवढी वर उचलली जाते, फवारा चुकीच्या जागी पडतो, शिवाय दोन वॉशरांच्या मधून वायू निसटतो. म्हणून मी एक तार टोकाला वाकवून आकडा केलाय. दोन वॉशर निघाले. तिसऱ्या भोकात आकडा घालून ढवळत होतो, काही लागत नव्हतं. तळ काळा, वॉशरही काजळीने काळा.

मुलगी भोकात टॉर्च रोखून बघत होती. म्हणाली, “बाबा, आत जुना आहे की नाही हे तुला कसं कळतं? दोन्ही सारखेच तर दिसतात.”

“आकडा अडकला तर आहे, नाही अडकला तर नाही.”

“आणि आकडा घालायचा विसरलास तर?”

तिसरा वॉशर निघाला. पण तिचं वाक्य डोक्यात तसंच राहिलं. मी हात पुसले आणि वही उघडली. प्रत्येक वेळी काय उघडलं ते मी तारीख आणि इंजिनाचे तास टाकून लिहितो. पहिला दम लागला तो दिवस सापडला. त्याच्या मागची नोंद, सहा तास आधीची : ‘टाकीकडचा फिल्टर बदलला. पोकळ बोल्टला नवे वॉशर.’ वॉशर जुने काढले की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

फिल्टरला डिझेल आणणारी नळी एका पोकळ बोल्टने धरलेली असते. नळीच्या गोल तोंडाच्या वर एक वॉशर, खाली एक. मी बोल्ट काढला. वरचा वॉशर हातात आला. खालचाही आला. मग आकडा घातला. फिल्टरच्या बैठकीत, तिथल्याच रंगाची पुटं चढलेला आणखी एक अडकला. जुना. नख फिरवलं तर त्यावर आडवी खाच लागली, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. तांबं दर वेळी आवळलं की थोडं कडक होत जातं. हा इतका कडक झाला होता की नव्या वॉशरला साजेसं बसणं त्याच्याच्याने होईना. पहिले काही तास निभावलं. मग इंजिनाच्या थरथरण्याने बोल्ट जरासा सैलावला आणि त्या खाचेतून हवा आत जाऊ लागली.

जीर्ण वगैरे काही झालेलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या इंजिनाने दोन्ही वेळा माझ्याच कामाचं प्रामाणिक फळ दिलं होतं.

याचा अर्थ चालतंय त्याला हात लावू नये, असा मी बिलकुल काढत नाही. तो आळशी माणसाचा सिद्धान्त आहे. हीट एक्स्चेंजरमध्ये जस्ताची एक कांडी असते. खाऱ्या पाण्यात कुणीतरी झिजणारच, तर तांब्या-पितळेऐवजी ती झिजावी, एवढ्यासाठीच ती तिथे आहे. ती वेळेवर बदलली नाही तर पाणी नळ्या खायला लागतं. वॉटर पंपातला रबरी इम्पेलर काढून पाहावाच लागतो. त्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर नवा बसवून काम संपत नाही, तुटका तुकडा शोधावा लागतो. तो पुढे कुठल्यातरी नळीच्या तोंडाशी जाऊन बसलेला असतो आणि पुढच्या उन्हाळ्यात इंजिन तापलं की आपण थर्मोस्टॅटला शिव्या घालतो. मी एकदा सहापैकी पाच तुकडे जुळवले आणि सहाव्यासाठी पूर्ण दिवस घालवला. उघडणं टळत नाही. पण दर उघडण्यात एक चूक मागे ठेवून येण्याची संधी असते, आणि ती चूक आपल्या नावाची असल्यामुळे आपण तिथे सगळ्यात शेवटी बघतो. आधी डायफ्रॅम, होस, टाकी, काळ.

इंजेक्टरखाली नवे वॉशर घातले. पोकळ बोल्टासाठी आधीचेच दोन घेतले, मळकट लाल होईपर्यंत तापवले आणि पाण्यात टाकले. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं मऊ होतं. मुलीने दोन्ही बोटांनी वाकवून पाहिलं आणि मग ते सरळ करायला मला दहा मिनिटं लागली.

इंजेक्टर बसवण्याआधी दाब मोजला होता. पाण्याच्या धक्क्याने पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकला असता तर पिस्टन पूर्ण वर आला नसता आणि तिसऱ्यात दाब कमी दिसला असता. तिन्हींमध्ये एका बारचाच फरक निघाला. किल्ली दुसऱ्यांदा फिरवली असती तर काय आकडा आला असता, याचा विचार मी करत नाही. म्हणजे करतो, पण रात्री.

सी-कॉक बंद ठेवून एअर काढली. स्टार्टर मारला. पहिल्याने एकाच सिलिंडरने हुंकार दिला, मग दोन, आणि पांढऱ्या धुराचा एक लोट मागून निघाला. मी धावत जाऊन कॉक उघडला. पाच मिनिटं पांढरा धूर, ती उरलेल्या पाण्याची वाफ. मग निळसर, ते ओतलेलं तेल. मग काहीच दिसेना, नुसती मागे हवा थरथरलेली. दहा मिनिटांनी बंद करून ऑइल बदललं, पुन्हा चालवून पुन्हा बदललं. तिसऱ्या वेळी डिपस्टिकवर तेल स्वच्छ, मधासारखं. मग बोट धक्क्याला घट्ट बांधून, गिअर टाकून तासभर भारावर चालवली, म्हणजे इंजिन आतपर्यंत तापेल आणि कोपऱ्यात लपलेली ओल उडून जाईल. त्या तासात दम एकदाही लागला नाही. मी मात्र तिसऱ्या मिनिटापासून श्वास धरून बसलो होतो.

वहीत आता दोन बदल झालेत. नवा वॉशर टाकल्याच्या नोंदीसमोर जुना मोजून काढल्याची नोंद असते, ‘दोन घातले, दोन निघाले’ अशी. आणि शेवटच्या पानांवर एक वेगळी यादी सुरू केलीय. त्यात काय काय दिसलं आणि उघडलं नाही, ते येतं. कालची नोंद अशी आहे : ‘ऑइल पॅनच्या मागच्या कडेला पाझर. आठ तासांत एक चमचा. हात लावला नाही.’

चमचा घरातला होता. धुऊन जागेवर ठेवलाय. मुलीला माहीत आहे, बाकी कुणाला नाही.